इब्राहिमखानाच्या शिपायाला कोणता रंग द्यायचा?

इतिहासावर भाषण करणाऱ्याला जे प्रश्न सहज टाळता येतात, ते तीन सेंटिमीटर उंचीचा खेळण्यातला शिपाई रंगवणाऱ्याला टाळता येत नाहीत. भाषणात ‘मराठे’ आणि ‘मुसलमान’ असे दोन शब्द उच्चारले की दोन फौजा समोरासमोर उभ्या राहतात. ऐकणाऱ्यालाही बाकीचे काही विचारावेसे वाटत नाही. पण हातात कुंचला घेतला की विचारावेच लागते. याच्या डोक्यावर पगडी होती की टोपी? अंगरखा रंगीत होता की कोरा? हातात भाला होता की बंदूक? कातडी गव्हाळ रंगवायची, गोरी की हबशाची काळी? आणि सगळ्यात अवघड प्रश्न असा की हा शिपाई टेबलाच्या कोणत्या बाजूला आणि कोणाच्या शेजारी उभा करायचा?

जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगला रुजला आहे. त्याला वॉरगेमिंग म्हणतात. कथलाच्या मिश्रधातूचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे शिपाई विकत आणायचे, रंगवायचे आणि खऱ्या लढाईतल्या जागांवर मांडायचे. अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई जास्त चालतात. मोठी लढाई मांडायची असेल तर पंधरा किंवा सहा मिलिमीटरचे घेतात. एक शिपाई वीस, तीस किंवा पन्नास माणसांच्या जागी धरला जातो. फुटपट्टीने चाल मोजतात आणि नशिबाचा भाग फाशावर सोडतात. टेकड्या फोमच्या पत्र्यातून कापतात, त्यावर गोंद लावून वाळू आणि भुसा पसरतात, मग मातीचा आणि गवताचा रंग देतात.

रंगकामाचीही एक पद्धत आहे. आधी अस्तराचा एक हात, मग कपडे, कातडी आणि शस्त्रे यांचे मूळ रंग. त्यावर पातळ, गडद रंग सोडला की तो कपड्याच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला की तिथे उजेड पडल्यासारखे दिसते. नेपोलियनच्या काळातला शिपाई असेल तर कॉलर आणि बाह्यांच्या कडांचा रंग पलटणीप्रमाणे बदलतो. तो चुकला तर जाणकार ताबडतोब बोट ठेवतात. म्हणून या छंदातली माणसे रंगवण्याच्या आधी वाचतात, आणि बरेच वाचतात.

या खेळाची मुळे आपल्यापासून फार लांब नाहीत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची फौज पटावर मांडणारा चतुरंग भारतातून इराणात गेला. तिथून अरबांकडे जाऊन त्याचा शतरंज झाला. अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारख्या उस्तादांनी त्यावर ग्रंथ लिहिले. मुस्लिम जगातून तो युरोपात पोहोचला. आजही इंग्रजीत ज्याला ‘चेकमेट’ म्हणतात त्यात फारसीतला ‘शाह मात’ लपलेला आहे.

१७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या गणितज्ञाने बुद्धिबळाचा हाच पट खूप मोठा केला. निरनिराळ्या रंगांच्या घरांतून त्याने जमिनीचे प्रकार दाखवले आणि सोंगट्यांच्या जागी पायदळ, घोडदळ आणि तोफा आणल्या. १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेल्मपुढे एक खास टेबल ठेवले. त्यावर डोंगर, नद्या आणि रस्त्यांचे उठावदार तुकडे हवे तसे जुळवता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ नकाशावर आणला आणि प्रशियाच्या लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. सामान्य माणसाच्या घरात तो आणण्याचे मोठे श्रेय एच. जी. वेल्स या लेखकाकडे जाते. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात त्याने जमिनीवर शिपाई मांडून, स्प्रिंगच्या तोफांनी खेळायचे नियम दिले. खेळण्यातले युद्ध खेळून पाहा, म्हणजे खरे युद्ध केवढा गाढवपणा आहे ते कळेल, असा त्याचा सांगावा होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

एका टेबलाची बादशाही भानगड

शिपाई कुठे उभा करायचा हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गोष्टीवरून कळते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवण्याचे काम त्याच्याकडे १८३० मध्ये आले. तो रणभूमीवरच्या ‘ला हाय सांत’ या शेतघरात आठ महिने जाऊन राहिला आणि सगळी जमीन मोजली. मग लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमाराला, लढाईच्या निर्णायक घडीला, तुमची तुकडी नेमकी कुठे होती? तुमच्या समोर कोण होते? शेतात पीक कोणते होते?

मैलाला नऊ फूट या प्रमाणात त्याने ती रणभूमी उभी केली. तिच्यावर ७०,००० हून अधिक छोटे शिपाई होते. मधेच सरकारने पैसा बंद केला आणि सिबॉर्न कर्जात बुडाला, पण काम सोडले नाही. खरी अडचण वेगळीच होती. उत्तरे जुळवल्यावर त्या घडीला रणभूमीवर प्रशियन फौज मोठ्या संख्येने हजर दिसत होती. म्हणजे विजय एकट्या इंग्रजांचा राहत नव्हता. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला आणि त्याच्या भोवतालच्या मंडळींना हे पसंत नव्हते. दबाव वाढत गेला आणि शेवटी सिबॉर्नने प्रशियनांच्या कित्येक तुकड्या टेबलावरून उचलल्या. १८३८ मध्ये लंडनमध्ये ही प्रतिकृती प्रदर्शनात मांडली गेली आणि लोकांनी ती पाहायला गर्दी केली. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

सत्तेला ग्रंथाची जेवढी भीती वाटते, तेवढीच कधी कधी खेळण्यांचीही वाटते. ग्रंथात एखादे वाक्य मोघम लिहून सुटका करून घेता येते. टेबलावर मात्र शिपाई एक तर असतो किंवा नसतो.

घोड्याचे पंख आणि दिवाळीचा किल्ला

आपल्या काही वाचकांच्या मनात एक शंका येईल. माणसांच्या आणि जनावरांच्या छोट्या मूर्ती बनवणे किंवा जवळ ठेवणे इस्लामला चालते का? तसविरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. पण मुलांच्या खेळण्यांना बहुतेकांनी मोकळीक दिली आहे, आणि तिचा आधार हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांच्या हदीसमध्ये आहे. अबू दाऊदच्या संग्रहातला एक प्रसंग असा: आयेशांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला कधी पंख असतात का, असे प्रेषितांनी (स.) विचारले. त्यावर त्या म्हणाल्या की सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते, हे तुम्ही ऐकले नाही का? हे ऐकून प्रेषित मनमोकळे हसले. पूजा आणि खेळ यांतला फरक त्या घरात ओळखला जात होता, एवढे यावरून नक्की दिसते.

वॉरगेमिंगची क्लबे आपल्या महाराष्ट्रात फारशी दिसत नाहीत, पण टेबलाऐवजी अंगणात हाच खेळ दर वर्षी मांडला जातो. दिवाळीला मुले किल्ला करतात. विटा, दगड आणि गोणपाट रचून त्यावर लाल माती लिंपायची, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरूज, पायऱ्या आणि तळे करायचे, आणि कुंभारवाड्यातून आणलेली मातीची चित्रे मांडायची. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, खाली भालाईत मावळे आणि तोफा, पायथ्याच्या बाजारात गवळण आणि भाजीवाली. मिश्र वस्तीत मुसलमानांची पोरेही माती कालवायला असतातच. चिखलात हात घातला की कोणाचा कोणता, ते ओळखू येत नाही.

अडचण येते ती प्रतापगडाचा प्रसंग मांडताना. एका बाजूला भगवे आणि दुसऱ्या बाजूला हिरवे. रंगांच्या दोनच बाटल्या पुरतात. आणि माती कालवणाऱ्या सलीमला कोणीतरी सहज, काही वाईट मनात नसताना म्हणून जाते, “तू खानाकडचा.”

आता हाच प्रसंग सिबॉर्नसारखा विचारपूस करून मांडू. १० नोव्हेंबर १६५९. महाराजांच्या दहा निवडक अंगरक्षकांमध्ये जिवा महाला आहे, संभाजी कावजी आहे, येसाजी कंक आहे. आणि सिद्दी इब्राहिमही आहे. समोर खानाचा वकील म्हणून कृष्णाजी भास्कर येतो, आणि खानाच्या फौजेत मंबाजी भोसले आहे, म्हणजे खुद्द महाराजांच्या भोसले कुळातला माणूस. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला, आणि त्या लढाईत त्याचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडायला आलेलाही सिद्दीच. शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान होता. आणखी मागे गेलो तर १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हबशी मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले, आणि शरीफजी तिथेच पडले.

हे सगळे टेबलावर मांडायचे तर दोन बाटल्यांनी भागत नाही. दख्खनच्या एकाच फौजेत मराठा, हबशी आणि पठाण असे चेहरे शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येकाच्या कातडीसाठी रंग वेगळा कालवावा लागतो.

पानिपतचे टेबल

सर्वांत मोठी कसोटी पानिपतची. १४ जानेवारी १७६१. हे ‘हिंदू-मुसलमानांचे युद्ध’ म्हणून इतक्या वेळा सांगितले गेले आहे की रंग आधीच ठरलेले वाटतात. तरीही ते टेबलावर मांडून पाहू.

जमीन सोपी आहे. सपाट मैदान, झुडपे, मराठ्यांच्या छावणीभोवती खणलेला खंदक आणि मागे पानिपत गाव. गाव बनवताना बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याचा घुमट करावाच लागेल, कारण लढाईच्या साडेचारशे वर्षे आधीपासून तो या गावाची खूण आहे. म्हणजे पहिली वीट रचतानाच मराठ्यांच्या पाठीशी दर्गा येतो.

मराठ्यांच्या डाव्या बगलेवर इब्राहिमखान गारदी. तो फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला होता आणि निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला होता. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला. त्याच्याकडे आठ-नऊ हजार कवायती पायदळ आणि तोफा होत्या. पन्नासास एक हे प्रमाण धरले तर जवळपास १८० शिपाई रंगवावे लागतील. यांच्या हाती चकमकीची बंदूक, आणि ती रांगेत उभे राहून हुकुमावर झाडायची. कवायत फ्रेंच असली म्हणून अंगावरचे कापड फ्रेंच होत नाही. रंगवणारा इथे थांबून विचार करतो, आणि उत्तर काहीही निघाले तरी ते हिरव्या बाटलीत नसते.

या गारद्यांच्या समोर कोण? हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांचे रोहिले. त्या सकाळी गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली आणि स्वतःही मोठ्या संख्येने पडले. म्हणजे पानिपतच्या त्या टोकाला, जिथे सर्वांत चिवट झुंज झाली, तिथे मुसलमानांसमोर मुसलमान होते.

मराठ्यांच्या बाजूने शमशेर बहादुरही लढला. तो बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा, मुसलमान म्हणून वाढलेला, पेशव्यांच्या रक्ताचा. जबर जखमी होऊन तो भरतपूरच्या मुलखात पोहोचला आणि तिथेच गेला.

आता टेबलाची दुसरी बाजू. अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरका, घोडेस्वार, नजीबखानाचे रोहिले. आणि अवधच्या शुजाउद्दौलाच्या फौजेत अनुपगिर गोसावी आणि त्याचे नागे. अंगाला राख फासलेले शैव संन्यासी, अब्दालीच्या गोटात! रंगवणाऱ्यासाठी हे शिपाई सोपे आहेत. कपडे जवळजवळ नाहीतच, फक्त राखेचा करडा रंग आणि जटा. समजावून सांगायला मात्र फार अवघड. शुजाच्याच चाकरीत काशिराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण होता. तो मराठ्यांशी बोलणी करण्यात होता आणि पुढे लढाईचा वृत्तांत त्यानेच फारसीत लिहिला. आज पानिपतबद्दल आपण जे सांगतो त्यातले बरेच या ब्राह्मणाच्या फारसीतून आलेले आहे.

टेबलावरचा हा गुंता लढाईनंतरही सुटत नाही. तीस-एक वर्षांनी याच अनुपगिराने, म्हणजे हिंमत बहादुराने, शमशेर बहादुराचा मुलगा अली बहादुर याच्याबरोबर बुंदेलखंडात मोहिमा केल्या. पानिपतावर समोरासमोर असलेल्या फौजांतला एक आणि दुसऱ्याचा मुलगा आता एकाच बाजूला. आणि ‘गारदी’ म्हणजे मुसलमान असे समजणाऱ्यांनी १७७३ आठवावे. नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात मारणाऱ्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता.

अजून काही शिपाई राहिलेच, आणि ते शिपाई नाहीत. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. बायका, मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे, मोतद्दार, न्हावी, भिस्ती. पन्नासास एक या प्रमाणात हे हजारावर पुतळे होतात. वॉरगेमिंगच्या टेबलावर ते सहसा दिसत नाहीत, कारण त्यांना चाल नसते आणि गुण नसतात. दोन-अडीच महिन्यांची उपासमार कोणत्या रंगात दाखवायची हेही कोणी सांगत नाही. या खेळाची मर्यादा इथे उघडी पडते. कोण कुठे होते हे तो नेमके सांगतो. त्या जागी असणे म्हणजे काय, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

प्रमाणपत्र नको, जागा हवी

इथे आपल्यालाही स्वतःला एक गोष्ट सांगायला हवी. इब्राहिमखान, दौलतखान, सिद्दी हिलाल ही नावे आपण फार घाईने खिशातून काढतो. कोणी देशभक्तीबद्दल शंका घेतली की ही नावे ओळखपत्रासारखी पुढे करतो. त्यात त्या माणसांवर अन्याय होतो. इब्राहिमखान पगारी सेनानी होता. शिपायांचा पगार वेळेवर आणि रोख मिळावा म्हणून तो भाऊसाहेबांशी भांडत असे, आणि लढाईच्या सकाळी त्या भांडणाची आठवण देऊन आज आमची चाकरी पाहा असे त्याने सांगितल्याचे काशिराज लिहितो. तो आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावाचा प्रचारक नव्हता. तसा अनुपगिरही धर्मद्रोही नव्हता. दोघेही आपल्या काळातली चाकरी, शब्द आणि भाकरी सांभाळत होते. धर्माची भाषा तेव्हाही होती. नजीबखानाने ती शुजाला आपल्याकडे वळवण्यासाठी वापरली, आणि ती प्रभावीही ठरली. पण त्याच भाषेने इब्राहिमखान हलला नाही. जखमी होऊन पकडला गेल्यावर तो कैदेत मारला गेला. मुसलमान असूनही मराठ्यांकडून लढला, हाच त्याचा मोठा गुन्हा मानला गेला.

म्हणून सलीमला त्याच्या बाजूने कोण कोण लढले याची यादी पाठ करून देऊ नये. यादी पाठ केली की तो पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्याला आणि त्याच्या मित्रांना एकत्रच एक काम द्यावे: किल्ल्यावर एक खरी लढाई मांडा, आणि प्रत्येक मावळा रंगवण्याआधी तो कोण होता ते शोधा. वाचा, शिक्षकांना विचारा, वाद घाला. मग रंग कालवा.

दिवाळी जवळ आली की कुंभारवाड्यात मातीची चित्रे मिळतात. रंग न दिलेला एखादा पायदळाचा शिपाई मागून घ्या आणि मुलांच्या हाती कुंचला द्या. ती विचारतील, “हा कोण?” तेव्हा सांगा, सिद्दी इब्राहिम. महाराजांच्या अंगरक्षकांत. त्याला त्याच्या जागी उभा करा, महाराजांच्या जवळ.